रेशन सीमा ओलांडतं, दाखला ओलांडत नाही

आमच्याकडे कामासाठी गाव सोडून जाण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. दिवाळी आटोपली, भाताची झोडणी झाली, की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी वसई-विरारला बांधकामावर, कोणी नाशिकला द्राक्षबागेत. होळीला माणसं परत येतात, सण करतात आणि पुन्हा जातात ती पावसाच्या तोंडावर येण्यासाठी. 'कामाला गेला' असं कोणी म्हणत नाही, 'जगायला गेला' म्हणतात. गावात राहिलं तर काय होतं, ते या एका शब्दात आलं.

यंदा हा प्रश्न आमच्या घरात आला. फरक एवढाच, की आमच्या वाटेत राज्याची सीमा होती. जव्हारमध्ये कंत्राटी नोकरी करणाऱ्या आमच्या धाकट्या भावाला वापीच्या एका प्लास्टिक कारखान्यातून बोलावणं आलं. इथे हातात १४,००० रुपये पडतात, तिथे २१,००० पडणार होते. सात हजारांचा फरक आमच्यासारख्या घराला लहान नाही. आम्ही दोघं भाऊ, दोघी जावा आणि आई, एका रात्री वही घेऊन बसलो. वहीच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला जव्हार, दुसऱ्या बाजूला वापी.

पहिल्यांदा वापी जिंकत होती. पेट्रोल तिकडे स्वस्त. गॅसच्या भावात फारसा फरक नाही. व्यवसाय कर दोन्हीकडे महिन्याला साधारण २०० रुपयेच. पीएफ आणि ईएसआय कुठेही गेलं तरी सारखंच. मग आई म्हणाली, "घर कुठे लिहिलंय?" जव्हारला आमचं घर आहे, म्हणून भाड्याचा रकाना आमच्या डोक्यातच नव्हता. तसंच भाजीचं. पावसाळ्यात शेवळं आणि कोरळ रानातून येतात, नाचणी आणि उडीद थोडेफार घरचे असतात, सरपण गोळा होतं. यातलं काहीच आम्ही कधी खर्चात धरलं नव्हतं. जे फुकट मिळतं त्याची किंमत ते सोडताना कळते. पुन्हा मांडलं: खोलीचं भाडं ४,५००, वीज-पाणी ६००, जे घरी विकत घ्यावं लागत नाही ते १,२००, गावी येणं-जाणं ५००. बेरीज ६,८००. सात हजारांतून उरले २०० रुपये.

यातला भाड्याचा आकडा आम्ही वापीला जाऊन आणला होता, आणि त्याची एक वेगळी गोष्ट आहे. पहिली खोली ४,००० ची होती, चांगली होती. घरमालकाने विचारलं, "कितने लोग?" मग, "कहाँ से?" मग, "पूरा नाम?" आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न आला, "नॉनवेज खाते हो?" आणि शेवटी, "कल फोन करता हूँ." तो फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी याच क्रमाने हेच झालं. तिसरी खोली मिळाली ती कामगारांच्या चाळीत, जिथे कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही. तिचं भाडं ४,५००. म्हणजे आमच्या जातीचा भाव महिन्याला ५०० रुपये. हे गुजरातेतच होतं असं आम्ही म्हणणार नाही. बोईसर, विरार आणि मुंबईतही आमच्या लोकांना हेच प्रश्न याच क्रमाने विचारले जातात. आमचं म्हणणं एवढंच की जातीला सीमेवर कोणी अडवत नाही. आमच्या आधी ती वापीला पोहोचलेली होती.

वही मिटायच्या वेळी भावाची मुलगी बोलली. ती नववीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. तिने विचारलं, "मी दहावी-बारावी तिकडे केली, तर माझा दाखला चालेल का?"

आम्ही गप्प झालो. चळवळीत वावरणारी माणसं आम्ही. भाषणात कलमांचे आकडे फेकणारे. पण आपल्याच घरातल्या मुलीला नीट उत्तर देता येईना. मग बसून वाचलं. जे कळलं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही.

संविधानाच्या ३४१ आणि ३४२ या कलमांनुसार अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यानुसार ठरतात. एखादी जात अनुसूचित असते ती 'त्या राज्याच्या संबंधात'. महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि गुजरातच्या यादीतही आहे. वारली, कोकणा आणि कातकरी दोन्हीकडच्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणून आपण समजतो, इथला दाखला तिकडे चालेल. तो चालत नाही. नाव दोन्ही याद्यांत असलं तरी स्थलांतर करून आलेल्या माणसाला नव्या राज्याच्या नोकरीत किंवा प्रवेशात त्या राज्याचं आरक्षण मागता येत नाही. त्याचं मूळ राज्य ठरतं ते १९५० च्या आदेशाच्या वेळी त्याचं कुटुंब कुठे राहत होतं त्यावरून.

हा निकाल ज्या खटल्यात लागला तो मुंबईतलाच आहे. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जमातीतला एक मुलगा, मर्री चंद्रशेखर राव, वडिलांच्या नोकरीमुळे नऊ वर्षांचा असताना मुंबईत आला. इथेच शिकला. पुढे मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जमातीच्या जागेवर प्रवेश मागितला, तेव्हा नाकारला गेला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांविरुद्धचं त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं आणि १९९० मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. २०१८ मध्ये बीरसिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तेच तत्त्व पुन्हा पक्कं केलं. योगायोग बघा, १९९० हे तेच वर्ष, ज्या वर्षी बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी एक दार उघडलं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या दाराची चौकट पक्की झाली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना आम्हाला जड गेलं. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी हाच प्रश्न विचारला होता: आदिवासी माणूस आपला भाग सोडून दुसरीकडे राहायला गेला तर त्याच्या सवलती त्याच्याबरोबर जातील का? उत्तर बाबासाहेबांनी दिलं होतं. प्रश्न अवघड आहे हे त्यांनी मान्य केलं, पण संविधान आज जसं आहे त्यात त्या सवलती बरोबर नेता येणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. मर्रीच्या निकालात न्यायालयाने त्याच उत्तराचा आधार घेतला. म्हणजे ज्या बाबासाहेबांनी आम्हाला गाव सोडायला सांगितलं, त्यांनीच गाव सोडल्यावर काय बरोबर येणार नाही हेही सांगून ठेवलं होतं. आम्ही पहिली गोष्ट जयंतीला दरवर्षी सांगतो. दुसरी कधीच सांगितली नाही.

काही मित्र म्हणाले, हा अन्याय आहे, दाखला देशभर चालला पाहिजे. आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण उलट बाजूने विचार करा. उद्या दुसऱ्या राज्यातून आलेली, तुलनेने शिकलेली, सुस्थितीतली कुटुंबं महाराष्ट्राच्या जमातीच्या जागा मागू लागली, तर मोखाड्याच्या पाड्यावरच्या कातकरी मुलाचं काय होईल? आणि आम्ही तिकडे जाऊन धरमपूर-कपराड्याच्या वारली मुलाची जागा मागावी का? यादी राज्यानुसार ठेवण्यात स्थानिक सर्वांत दुबळ्याचं रक्षण आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीही या भागातली सीमा १ मे १९६० ला आली हे विसरता येत नाही. त्याआधी वापी आणि जव्हार एकाच मुंबई राज्यात होते, आणि आज गुजरातेत असलेलं उंबरगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वारली माणूस रेघेच्या दोन्ही बाजूंना तोच राहिला. रेघ मारणाऱ्यांनी त्याला विचारलं नव्हतं.

मग मागायचं काय? याचं उत्तर आम्हाला रेशनच्या दुकानात सापडलं. ९ ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनालाच, दोन राज्यांच्या जोड्यांमध्ये कोणत्याही दुकानातून रेशन उचलण्याची सोय सुरू झाली: एक आंध्र-तेलंगणा आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात. जव्हारचं कार्ड असलेला मजूर वापीच्या दुकानात अंगठा लावून माणशी पाच किलो धान्य घेऊ शकतो. त्यासाठी वापीच्या कोणाचं धान्य कमी करावं लागत नाही, कारण हिशेब माणसामागे चालतो.

धान्याला जे जमलं ते शिष्यवृत्तीला आणि वसतिगृहाला का जमू नये? जागा मर्यादित असतात, म्हणून आरक्षण राज्याचं राहू द्या. पण राहण्याचा आणि शिकण्याचा खर्च म्हणजे जागा नव्हे. महाराष्ट्राची स्वाधार योजना वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत देते, पण तो महाराष्ट्रातल्या संस्थेत शिकत असेल तर. सीमेपलीकडे तीस किलोमीटरवर तोच मुलगा, तीच भूक, तेच भाडं; मदत नाही. केंद्राने पैसा द्यावा आणि मदत विद्यार्थ्यामागे जावी, एवढी आमची मागणी आहे. ती कोणाच्याही ताटातला घास काढत नाही.

आमच्या पुतणीचं उत्तर मात्र आजच्या नियमांनीच द्यावं लागलं. महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर, थोडे अपवाद सोडता, अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी इथूनच झालेली असावी लागते. तिकडे शिकली तर इथली जागा सुटते आणि तिकडची जातीची जागा मिळत नाही. दोन राज्यांच्या मधे मूल अधांतरी राहतं. केंद्राच्या संस्थांचं आरक्षण तिच्याकडे राहील, पण सगळी भिस्त एकाच दारावर ठेवायची हिंमत आमच्यात नव्हती.

म्हणून भाऊ एकटाच गेला. चौघांत एक खोली, खानावळीचा डबा, पंधरा दिवसांतून एकदा घरी. हिशेबाने हे बरं आहे, महिन्याला दोन-अडीच हजार उरतात. कुटुंबासकट गेला असता तर २०० उरले असते. पण वहीच्या एकाही रकान्यात हे नव्हतं की वहिनी पुढची चार वर्षं बहुतेक रात्री एकटीने मुलीचा अभ्यास बघणार आहे, आणि मुलीला आता वाटतं की बाबा तिच्यामुळे लांब गेले. आम्ही तिला सांगितलं, तुझ्यामुळे नाही. तिला पटलेलं दिसत नाही.

सीमेपलीकडे निघालेल्या आमच्या तरुण मित्रांना चार गोष्टी सांगतो. भाड्याच्या आधी मुलांच्या इयत्ता लिहा. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी मूळ जिल्ह्यातून निघण्याआधी काढून ठेवा. १९५० पूर्वीचे पुरावे परगावाहून शोधणं फार कठीण जातं. केंद्राच्या नोकऱ्या आणि संस्थांसाठी तो दाखला कुठेही गेलात तरी तुमचाच आहे, तो हक्क सोडू नका. आणि अत्याचार झाला तर 'आपण इथले नाही' म्हणून गप्प बसू नका. ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

बाबासाहेबांनी तो प्रश्न अवघड म्हटला होता, आणि योग्य ठिकाणी तो लावून धरला तर संविधानात त्याचं उत्तर देता येईल असंही सुचवलं होतं. लावून धरायचं काम त्यांनी आपल्यावर सोडलं होतं. सत्तर वर्षांहून जास्त काळ गेला. आपण भाड्याचे हिशेब करत राहिलो.

जय भीम.