छताची जाळी आणि पाण्याची वाट

१० मार्च २०२४ रोजी जबलपूरच्या डुमना विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी २७ जूनला, पावसाळा नुकताच सुरू झाला असताना, टर्मिनलबाहेरच्या ताणलेल्या कापडी छतावर पाणी साचले, कापड फाटले आणि तो सारा भार खाली उभ्या असलेल्या मोटारीवर कोसळला. मोटारीचा टप चेपला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या टर्मिनल १ बाहेरील छत कोसळून एका टॅक्सीचालकाचा जीव गेला, आणि २९ जूनला राजकोटच्या विमानतळावरील कापडी छतही साचलेल्या पाण्याने फाटले. तीन दिवसांतल्या या तीन घटनांची कारणे एकसारखी नव्हती. परंतु वक्र छतांचे सुबक आराखडे संगणकावर रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याने जबलपूरपाशी क्षणभर थांबावे, असे या प्रकरणात बरेच काही आहे.

पाण्याचे गणित साधे आहे. एका चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर पाणी साचले की त्याचे वजन शंभर किलो होते. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छतावर हाच भार दहा टन भरतो. धोका मात्र केवळ वजनात नाही. पाण्याने छत किंचित खोलगट होते. त्या खोलगटात आणखी पाणी उतरते. त्याने खोली आणखी वाढते. छत पुरेसे ताठ असेल, तर हे चक्र लवकरच थांबते. तसे नसेल, तर पाऊस पडत राहील तोवर भार स्वतःच स्वतःला वाढवीत जातो.

आता संगणकाकडे वळावे. पॅरामेट्रिक मॉडेलिंगमध्ये छत थेट रेखाटले जात नाही. त्याचे नियम लिहिले जातात. आधी वक्र पृष्ठभाग, मग त्यावर त्रिकोणांची किंवा चौकोनांची जाळी, मग जाळीच्या प्रत्येक रेषेच्या जागी पोलादी नळी आणि प्रत्येक छेदबिंदूवर सांधा. उंची, गाळ्याची रुंदी, जाळीची घनता ही सारी प्राचले. एक आकडा बदलला की हजारो नळ्यांची लांबी आणि सांध्यांचे कोन क्षणात नव्याने मांडले जातात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या अंगणावर २००० साली उभारलेल्या छतात काचेची ३,३१२ तावदाने आहेत. त्याचा आकार गणिती सूत्रांतून काढलेला असल्यामुळेच एवढ्या वेगवेगळ्या मापांचा मेळ बसवणे शक्य झाले.

या विद्येचे मूळ संगणकाहून बरेच जुने आहे. लोंबती साखळी केवळ ताण सोसते. तिचा आकार उलटा केला की केवळ दाब सोसणारी कमान मिळते, हे रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात ओळखले होते. फ्राय ओटो यांनी जर्मनीतील मानहाइम येथे १९७५ साली लाकडी पट्ट्यांचे जाळीदार छत उभारले, तेव्हा त्याचा आकार साखळ्यांची जाळी टांगूनच शोधला होता. उभारणीनंतर पाण्याने भरलेले कचऱ्याचे डबे सांध्यांना टांगून छत किती वाकते, हेही मोजण्यात आले. आज ग्रासहॉपरमध्ये कांगारू हे जोडसाधन वापरून विद्यार्थी हाच साखळीचा प्रयोग पडद्यावर करतात. डबे टांगण्याचा प्रयोग मात्र पडदा आपण होऊन सुचवत नाही.

संगणकाच्या आकड्यांवर विसंबण्याची किंमत अमेरिकेतील हार्टफर्ड शहराने फार पूर्वी पाहिली आहे. तेथील क्रीडागृहावर सुमारे ११० मीटर लांब आणि ९१ मीटर रुंद पोलादी जाळीचे छत होते आणि त्याचे विश्लेषण संगणकावर झालेले होते. बांधकामाच्या वेळीच छताचा झोळ अपेक्षेपेक्षा बराच जास्त भरला होता, तरी मोजमापापेक्षा हिशेबावर विश्वास ठेवला गेला. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत जमीनदोस्त झाले; हजारो प्रेक्षक काही तासांपूर्वीच घरी परतले होते. दाब सोसणाऱ्या नळ्यांना बाजूने मिळणारा आधार हिशेबात धरला होता, तेवढा प्रत्यक्षात नव्हता. आधाराविना राहिलेली लांबी दुप्पट झाली की बारीक नळीची वाकण्यापूर्वी भार सोसण्याची क्षमता चौथ्या हिश्श्यावर येते, हे ऑयलरचे सूत्र अभियांत्रिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. उथळ वक्र छतांना आणखी एक धोका असतो. वाऱ्यात छत्री जशी एकाएकी उलटते, तसा छताचा एखादा भाग गचकन आत बसू शकतो.

डुमन्याच्या रस्त्यावरच भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि निर्मिती संस्था आहे. शहरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे. या संस्थांत शिकणाऱ्यांच्या दृष्टीने जबलपूर हीच एक प्रयोगशाळा आहे. येथे २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने माणसे दगावली आणि घरे पडली, म्हणून जमिनीचे हादरे हे या शहरातील छतांचे एक प्राचल ठरते. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, म्हणून प्रत्येक बिंदूचा उतार हे दुसरे. पानगळीने तुंबणारी पन्हळ हे तिसरे. ते कोणत्याही आज्ञावलीत आयते मिळत नाही, माणसालाच लिहावे लागते.

ते लिहिणे अवघड नाही. पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूपासून पाण्याचा थेंब उताराने सोडावा आणि तो कोठे थांबतो ते पाहावे. मग छतावर साचलेल्या पाण्याचा भार घालून, वाकलेल्या आकारावर तीच तपासणी पुन्हा करावी आणि आकार स्थिरावेपर्यंत करीत राहावी. पन्हळी तुंबल्या आहेत असे गृहीत धरून एक फेरी वेगळी घ्यावी. एवढे केल्यावर जाळीची नक्षी कदाचित थोडी बदलेल, छताचा माथा थोडा उंच होईल, चित्र पहिल्याइतके देखणे राहणार नाही. छताखाली मोटार उभी करून आप्तांची वाट पाहणाऱ्याला मात्र वर पाहण्याची गरज पडणार नाही.