डी स्मेट : रुळांमागून वसलेले गाव

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात ब्रुकिंग्जहून पश्चिमेकडे जाणारा 14 क्रमांकाचा महामार्ग शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने 1879-80 मध्ये टाकलेल्या लोहमार्गाच्या सोबतीने जातो आणि आर्लिंग्टन, हेटलंड, लेक प्रेस्टन, डी स्मेट, मँचेस्टर ही ठिकाणे त्यावर ठरावीक अंतराने येतात. हे अंतर योगायोगाचे नाही. धान्याने भरलेली गाडी स्थानकावर रिकामी करून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, असा हिशेब प्रेअरीवरील, म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातील वृक्षहीन गवताळ प्रदेशातील, रेल्वे कंपन्या करीत. तेथे आधी स्थानकाची जागा ठरे, मग भूखंड पाडले जात आणि माणसे त्यानंतर येत.

डी स्मेट 1880 मध्ये असेच वसले. त्याला ज्यांचे नाव मिळाले ते प्येर-झां द स्मे हे बेल्जियन जेझुइट धर्मप्रसारक 1873 मध्येच निवर्तले होते, त्यामुळे गावाशी त्यांचा संबंध नावापुरताच. जमीन मात्र रिकामी पडलेली नव्हती. 1858 च्या करारान्वये यांक्टन लोकांनी बिग सू आणि मिसूरी या नद्यांमधील विस्तीर्ण मुलूख अमेरिकी सरकारला दिला होता आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने त्यातील 160 एकरांचा तुकडा, पाच वर्षे राहून कसण्याच्या अटीवर, जवळजवळ फुकट मिळू लागला.

सुमारे हजार वस्तीच्या या गावाचा मुख्य रस्ता, कॅल्युमेट अव्हेन्यू, रुळांना काटकोनात येऊन मिळतो आणि जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. परंतु येणाऱ्यांपैकी बहुतेकांना रेल्वेपेक्षा लॉरा इंगल्स वाइल्डर (1867-1957) या लेखिकेचे गाव पाहायचे असते. तिचे वडील चार्ल्स इंगल्स लोहमार्गाच्या बांधकामावर हिशेबनीस होते. काम थंडीसाठी थांबले तेव्हा मोजणीदारांच्या रिकाम्या घरात या कुटुंबाने 1879-80 चा हिवाळा काढला. सिल्व्हर लेकच्या काठचे ते लाकडी घर पुढे उचलून गावात आणले गेले आणि 1957 मध्ये स्थापन झालेली स्मारक संस्था ते आज दाखवते. तिच्या कादंबऱ्या वाचून आलेल्याला ते लहान वाटते, कारण लॉराच्या बालनजरेने त्याचा वाडा केला होता.

गावाच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण 1880-81 च्या हिवाळ्याचे आहे. पहिले हिमवादळ ऑक्टोबरच्या मध्यासच आले. लोहमार्ग जेथे उंचवटा खोदून नेला होता, त्या कटिंगमध्ये बर्फ साचे. मजूर तो उपसून दोन्ही बाजूंना टाकत, त्यामुळे भिंती उंच होऊन खाच आणखी खोल होई आणि पुढच्या वादळात ती काठोकाठ भरे. जानेवारीत गाड्या बंद पडल्या, त्या मे महिन्यापर्यंत. झाडे नाहीत म्हणून लाकूड नाही, गाडी नाही म्हणून कोळसा नाही. लोकांनी वाळके गवत पिळून त्याच्या घट्ट कांड्या केल्या आणि त्या चुलीत घातल्या, तर बियाण्याचा गहू कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रात तासन्तास भरडून त्याची भाकरी केली. शाळेतून वादळात निघालेली मुले वाट चुकून रस्त्याच्या उत्तर टोकावरील हॉटेलच्या भिंतीवर आदळली आणि म्हणूनच वाचली, असा प्रसंग ‘द लाँग विंटर’ (1940) या कादंबरीत आहे. त्या इमारतीपलीकडे रूळ, स्थानक आणि मोकळे माळरान एवढेच होते. निसर्गाने या गावाची कसोटी पाहिली हे खरेच, पण सगळा शिधा आणि सरपण एकाच रुळावरून आणण्याची व्यवस्था माणसांनी केली होती.

लेखिकेने या हकिकतीत काटछाटही केली. त्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंबाबरोबर मास्टर्स हे जोडपे आणि त्यांचे तान्हे मूल एकाच घरात राहत होते. कादंबरीत त्यांचा मागमूस नाही, पण ‘पायोनियर गर्ल’ या तिच्या आत्मचरित्राच्या खर्ड्यात ते आहेत. मूळ रहिवाशांचे तिने केलेले चित्रण तर उघड वादाचा विषय ठरले आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 2018 मध्ये बालसाहित्याच्या आपल्या पुरस्कारातून तिचे नाव काढले. साहित्यकृतीवर उभा राहिलेला वारसा कथेला सोयीचे तेवढेच ठळक करतो; डी स्मेट त्याला अपवाद नाही.

गावाच्या आग्नेयेस इंगल्सांनी होमस्टेड कायद्याने मिळवलेली जमीन आहे आणि चार्ल्सने लावलेली कॉटनवूडची झाडे तेथे दाखवली जातात. तो, त्याची पत्नी कॅरोलाइन आणि लॉराच्या तिन्ही बहिणी गावच्या दफनभूमीत आहेत. जुलैमध्ये माळावर नाट्यप्रयोग होतात, तेव्हा गर्दी उसळते. बहुतेक पर्यटक येथूनच मागे फिरतात.

पश्चिमेकडे थोडे पुढे गेल्यास त्याच लोहमार्गावरील मँचेस्टरची जागा लागते. चित्रकार हार्वी डन यांचा जन्म 1884 मध्ये त्याच परिसरात झाला. 24 जून 2003 रोजी टोर्नेडोने मँचेस्टर भुईसपाट केले आणि ते पुन्हा वसवले गेले नाही. साउथ डकोटात आता प्रवासी रेल्वे उरलेली नाही, म्हणून या वाटेने जायचे तर स्वतःची मोटार हवी, आणि निघण्यापूर्वी ‘पायोनियर गर्ल’ची 2014 मधील सटीप आवृत्ती वाचलेली असावी.