विरार : घर आणि अंतर

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. केळीच्या बागा आणि पानवेली यांचा हा प्रदेश. जवळचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील स्तूप 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला. पलीकडे आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर असल्याने अनेक जैन कुटुंबांना ही वाट यात्रेमुळे परिचित आहे. आज त्याच वाटेने पुष्कळ कुटुंबे यात्रेसाठी नव्हे, घर शोधण्यासाठी येतात.

कारण उघड आहे. मुंबईतील चाळीत एका खोलीत तीन पिढ्या राहतात. तिथे एक खोलीही परवडत नाही, त्या पैशांत इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सज्जा मिळतो. सुनेला स्वतंत्र खोली व सासूबाईंना सामायिकासाठी निवांत कोपरा लाभतो, हा आनंद लहान नव्हे.

परंतु घराची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर दूर. घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत दीड तास धरला, तर जाण्यायेण्यात रोजचे 3 तास जातात. वर्षातील 300 दिवसांचे 900 तास होतात, म्हणजे साडेसदतीस अहोरात्र. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारा गृहस्थ मग दुसरा डबा सोबत नेतो आणि कचेरीतच संध्याकाळचे जेवण उरकतो. घर मोठे होते, पण घरातले एकत्र भोजन रविवारपुरते उरते.

दुसरी कसोटी कागदपत्रांची. 2025 च्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशाने 41 अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. तेथे आयुष्यभराची पुंजी घालून राहणाऱ्यांचा संसार रस्त्यावर आला. स्वस्ताई पाहून इसार देण्यापूर्वी बांधकाम परवानगी व जमिनीची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत. इमारत पूर्ण झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे. चालू प्रकल्पाची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर पाहावी. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, आणि दर चटई क्षेत्रावरच समजून घ्यावा.

घर पाहायला बहुतेक लोक रविवारी दुपारी येतात. तेव्हा फलाट मोकळा असतो, वारा सुटलेला असतो, नमुना सदनिका सजलेली असते. त्याच घरी एकदा सोमवारी सकाळी सातला यावे, एकदा भर पावसात यावे आणि पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांना विचारावे. घरातील ज्याला रोज ती गाडी पकडायची आहे, त्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा मानावा.