गळ्याचं माप

शर्टाचं माप आपण देतो, बुटांचं देतो. पण आवाजाचं? पुण्यापासून रात्रभराच्या अंतरावर एक गल्ली आहे, तिथे तेही घेतात!

'कस्टम-मेड' हा शब्द सध्या पुण्यात भलताच जोरात आहे. बाईकचं सीट कस्टम, लग्नातली शेरवानी कस्टम, डाएटसुद्धा कस्टम. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या डोक्यात तर सध्या गिटार शिरलीये. दुकानातली नको, हाताने बनवलेलीच हवी! रात्री जेवण झालं की स्वारी अमेरिकेतल्या नाहीतर स्पेनमधल्या कारागिरांच्या गिटारींचे फोटो बघत बसते. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू रोझवुडच्या. त्यासाठी लांबलचक वेटिंग लिस्ट, डॉलरमध्ये अ‍ॅडव्हान्स आणि वर कस्टम ड्युटी.

गंमत म्हणजे हे रोझवुड बहुतेक वेळा आपलंच असतं. शिसवी! एके काळी गिटारवाले ब्राझीलच्या शिसवीवर फिदा होते. ती मिळेनाशी झाली तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीस मार्टिनसारखी नामांकित कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर जवळजवळ बंदीच आली. पुढे २०१७ पासून शिसवीच्या सगळ्याच जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. मग जगभरचे वादक ओरडले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना बऱ्याच अंशी सूट मिळाली. म्हणजे बघा, लाकूड आपलं आणि रांग मात्र त्यांच्या दारात!

"रांगच लावायची तर मिरजेला लाव की," मी त्याला म्हटलं.

"मिरज? ते जंक्शन?" इति मित्र.

हो, तेच. आपल्यातल्या बहुतेकांना मिरज माहीत असतं ते झोपेत ऐकलेल्या अनाउन्समेंटपुरतं. फार तर २०१६च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे इथून गेली होती, एवढं आठवतं. पण इथे जवळपास पावणेदोनशे वर्षं तंतुवाद्यं बनतायत. तिथे गिटार नाही, पण सतार आणि तानपुरा मात्र ऑर्डर देऊन बनवून मिळतो. मला तेच हवं होतं. माझ्यासाठी नव्हे, आईसाठी.

तलवारीकडून तारांकडे

आई बँकेत आहे आणि यंदा रिटायर होतेय. कॉलेजात असताना ती गाण्याच्या परीक्षा द्यायची. मग नोकरी, लग्न, मी, आजीचं आजारपण, बदल्या... गाणं कुठल्या वर्षी बंद झालं ते तिलाही नेमकं सांगता येत नाही. तिचा स्वतःचा तानपुरा कधी नव्हताच. क्लासमधला वाजवायची. निरोप समारंभात तिला भिंतीवरचं घड्याळ मिळणार हे नक्की होतं. घरातून तरी काहीतरी धड मिळावं, म्हणून मी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली.

पहाटे मिरज. स्टेशनबाहेर कानावर मराठीइतकीच कानडी. रिक्षावाल्याने विचारलं, "दवाखाना?" त्याचं बरोबर आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरजेला येणारा माणूस म्हणजे पेशंट नाहीतर पेशंटचा नातेवाईक! "सतारमेकर गल्ली," म्हटल्यावर मात्र त्याने मान डोलावली आणि चहा संपवूनच किक मारली.

या गल्लीची गोष्ट भारी आहे. इथली वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. पटवर्धनांचं संस्थान, तेव्हा शस्त्रांना तोटा नव्हता. इंग्रजांचा अंमल बसला, लढाया संपल्या आणि धार लावायला शस्त्रंच उरली नाहीत. संस्थानात गाणं मात्र होतं. गवयांची वाद्यं बिघडायची आणि दुरुस्त करायला जवळ कुणी नसायचं. १८५०च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने आधी दुरुस्ती शिकून घेतली आणि मग नवीन वाद्यंच बनवायला घेतली. आज ज्याला आपण 'करिअर चेंज' म्हणतो, तो या मंडळींनी कुठल्याही काउन्सेलरशिवाय केला! पुढे काही घरांचं आडनावच 'सतारमेकर' झालं.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं दफनही इथेच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी. आपण डिसेंबरात स्वेटर घालून ज्या 'सवाई'ला जातो ना, १९५३ पासूनचा, त्याची एक वाट अशी थेट मिरजेला येऊन मिळते.

कडू भोपळ्याचं नशीब

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. छतापासून जमिनीपर्यंत भोपळेच भोपळे! काही लटकलेले, काही कोपऱ्यात रचलेले. भुशाचा आणि पॉलिशचा वास. मालक साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते म्हणून मीही म्हटलं. "बसा की ताई," म्हणत त्यांनी एका अर्धवट दांडीवरचा भुसा झटकून मला स्टूल दिलं.

हे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. कडू जातीचे, खाता येत नाहीत. वेलावर पूर्ण वाळतात, मग इथे येतात. वापरायचा भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. मग आतून काड्यांचा आधार देऊन तोंड सारखं गोल करायचं आणि पुन्हा वाळवायचं. दांडी आणि वरची तबली तुणीच्या लाकडाची. भोपळा आणि दांडी जुळतात तो गळा, त्यावर कोरलेली लाकडी पानं, मग नक्षी, मग पॉलिशचे हात. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत वापरायचे, आता उंटाचं हाड नाहीतर शिसवी-एबनीसारखं कठीण लाकूड.

"शेतकरी उसाकडं वळला की आमचा भोपळा कमी झाला," चाचा म्हणाले. "आणि अवकाळी पाऊस आला की संपलंच. भोपळ्याला डाग पडला की त्यो आमच्या कामाचा न्हाई."

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे नागपूरच्या संत्र्यासारखं 'मिरजेचा तानपुरा' हे नावही आता कायद्याने सुरक्षित. चाचांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्राचं कात्रण भिंतीवर चिकटवलंय, पॉलिशच्या डब्यांच्या वर.

"फोन लावा आईंना!"

"स्वर कोणता?" चाचांनी वही उघडत विचारलं.

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. आईच्या कॉलेजच्या वहीत मी बघून ठेवलं होतं. "काळी चार."

"कधीची गोष्ट?"

"तीस-पस्तीस वर्षं झाली."

चाचा हसले. "तीस वर्षांत चष्म्याचा नंबर बदलतो ताई, गळा बदलणार न्हाई व्हय? फोन लावा आईंना."

सरप्राइज आहे, मी म्हटलं. पण चाचांनी वही मिटली. स्वर खाली गेला की तारेची लांबी बदलते, तारेचा गेज बदलतो, भोपळ्याचा घेर बदलतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. काळी चारचा लेडीज तानपुरा खाली उतरवला तर वाजेल, पण तारा ढिल्या पडतील आणि आवाज भरणार नाही. "ज्याचा गळा, त्याचं वाद्य. न बघता कसं बनवू?"

लावला फोन, स्पीकरवर.

"आई, जरा सा लाव ना."

"काय लाव?"

"सा. तुझा सा."

"अगं, मी ब्रँचमध्ये आहे!"

"मग रेकॉर्ड रूममध्ये जा."

बराच वेळ काही नाही. मग दार लावल्याचा आवाज. एक खाकरणं. आणि मग आईचा सा आला. कापरा, अर्ध्यात तुटलेला. खोलीतला रंधा थांबला. "पुन्हा एकदा म्हणा ताई," चाचा फोनकडे वाकून म्हणाले. "घाई न्हाई." तिने हे कोण बोलतंय असंही विचारलं नाही. दुसऱ्यांदा लावलेला सा जरा जास्त टिकला.

चाचांनी पेटीच्या पट्ट्या चाचपल्या. "पांढरी चार येतीया. पण दबून गातायत. ऑफिसात हायत न्हवं? रियाज सुरू झाला की आवाज सुटंल. काळी तीन धरू."

मग भोपळे बघायला लागले. एकेक उचलायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा, कान लावायचा, ठेवायचा. सहावा की सातवा पसंत पडला, नेहमीच्या लेडीज तानपुऱ्याच्या भोपळ्यापेक्षा किंचित मोठा. त्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'पुणे, का. ३'. किंमत एका बऱ्यापैकी स्मार्टफोनइतकी. फ्रीलान्सरच्या खिशाला ती झोंबते, पण फोन तीन वर्षांत जुना होतो.

तारेतला जीव

दीड महिन्याने आईला घेऊनच गेले. तशी अटच होती, कारण शेवटचं काम गाणाऱ्याच्या समोर होतं. जवारी!

गिटारची तार एका अरुंद पट्टीवरून निघते, त्यामुळे सूर स्वच्छ येतो. तानपुऱ्याची घोडी मात्र रुंद आणि अगदी हलकासा बाक असलेली. कंप पावणारी तार त्या बाकाला सतत स्पर्श करते आणि एका सुरातून अनेक वरचे सूर उमलत राहतात. तो जो भरून राहणारा, झंकारणारा नाद असतो ना, तो हाच. सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीचं कुतूहल वाटलं होतं आणि १९२१ मध्ये त्यांनी त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. या दोऱ्याला म्हणतात 'जीव'. याहून चांगलं नाव सापडणं कठीण.

चाचांनी घोडीवर कानस फिरवली, फुंकर मारली, तार छेडली. पुन्हा कानस. असं तासभर. चार तारा: पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी पितळी खर्ज. मग तानपुरा आईच्या हातात दिला. गेला दीड महिना ती पहाटे मोबाईलवरचा तानपुरा लावून बसत होती. अ‍ॅप स्वस्त असतं, बेसूर होत नाही, प्रवासात सोबत येतं, सगळं खरं. पण तिने खांद्याला दांडी टेकवली, तारा छेडल्या आणि तिचा हात आपोआप थांबला. भोपळ्याची थरथर अंगाला लागते, हे ती विसरली होती.

सा लावला. काळी तीन. बरोबर तीच!

चाचांनी काही शेरा मारला नाही. खर्जाचा जीव थोडा सरकवला आणि म्हणाले, "आता बघा." दुसऱ्या वेळी मलासुद्धा फरक कळला.

निघताना आईने विचारलं, "तुमच्यानंतर कोण बघणार हे सगळं?"

"मुलगा पुण्यात असतो. कंपनीत, चाकणला. पगार वेळेवर येतो, म्हणून मी काय बोलत न्हाई." ते गवसणीची नाडी बांधत होते. "सुट्टीला आला की बसतो मात्र. जवारी अजून हाय त्याच्या हातात."

म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच एक, सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभा असणारा. त्याच्या बोटांत कुठल्याही सीव्हीत न लिहिलेलं एक कसब आहे. ते तिथे किती वर्षं टिकेल, हे गल्लीत ऑर्डरी किती येतात यावर आहे. कौतुकाच्या लेखांनी फार काही होत नाही, या लेखानेही नाही.

मिरजेला जायचंय?

कसं जाल: पुण्याहून रेल्वेने सुमारे २८० किलोमीटर. रात्री महालक्ष्मी, दिवसा कोयना एक्स्प्रेस. परतताना वाद्य सोबत असेल तर लोअर बर्थ मागू नका. अप्पर बर्थवर तानपुरा झोपवा आणि तुम्ही बसून या!

ऑर्डर देताना: गाणाऱ्याला सोबत न्या. निदान त्याचा आजचा स्वर पेटीवर तपासून घ्या. दोन-तीन वर्कशॉप फिरा, घाई करू नका.

घेताना: जवारी समोर बसून करून घ्या. चारही तारा वेगवेगळ्या ऐका. नाद सारखा टिकतोय ना, बघा.

घरी आणल्यावर: भोपळा नाजूक असतो. उन्हात, गॅलरीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. जवारी वापराने बसते, तेव्हा ती पुन्हा करून घ्यावी लागते. म्हणजे मिरजेला पुन्हा जायला कारण आहेच.

जाता जाता: मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी दोन मिनिटं थांबा. आणि ट्रेनसाठी भडंग घ्यायला विसरू नका!