पादुआ येथील गटे कवीचा ताड

शाकुंतलाचें जर्मन भाषांतर वाचून महाकवि गटे मोहित झाला व त्यानें १७९१ सालीं त्यावर चार ओळींचें स्तुतिपर कवन रचिलें, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. (ग्रंथ डोक्यावर घेऊन तो नाचला, ही मागाहून दिलेली फोडणी असावी!) पण हाच कवि वनस्पतिशास्त्राचा कसून अभ्यास करीत असे, हें क्वचितच कोणी सांगतो. म्हणून इटलीच्या प्रवासांत व्हेनिस येथें असतां आम्हीं एक दिवस राखून ठेवला व आगगाडीनें अर्ध्या तासांत पादुआ गांठलें.

संत अंतोनीच्या भव्य देवालयापासून जवळच विद्यापीठाची बाग आहे. विद्यार्थ्यांस औषधी वनस्पति ओळखतां याव्या म्हणून ती १५४५ सालीं स्थापिली. वाटोळ्या कोटाच्या आंत एका अष्टकोनी काचघरांत १५८५ सालीं लावलेलें ताडाच्या जातीचें झाड आहे. एका बुडख्यांतून निघालेलीं अनेक खोडें व माथ्यावर पंख्यासारखीं पानें. सहज पाहणारास त्यांत नवल तें काय वाटावें?

२७ सप्टेंबर १७८६ रोजीं गटे येथें आला. वय सदतीस, वायमारच्या दरबारीं मंत्रिपद, कवि म्हणून युरोपभर कीर्ति, तरी नांव बदलून, चित्रकार म्हणवून गुपचूप निघालेला. त्याच्या नजरेंत भरलें तें हें, कीं जमिनीलगतचीं पानें तरवारीच्या पात्यासारखीं अखंड, त्यांवरचीं चिरत गेलेलीं, व शेवटीं पुरता पंखा. कोंकणांतील वाचकांनीं नारळाचें रोप आठवावें. पहिलीं पानें अखंड असतात, झांवळी मागाहून होते. गट्यानें माळ्याकडून ती सारी मालिका कापून घेतली, पुठ्ठ्यांत घालून बरोबर नेली व म्हातारपणापर्यंत जिवापाड जपली.

पान, पाकळी, केसर हीं एकाच अवयवाचीं रूपांतरें होत, असें त्यानें १७९० सालच्या पुस्तिकेंत मांडलें. त्याच्या नेहमींच्या प्रकाशकानें ती नाकारली. कवीनें या भानगडींत पडूं नये, असाच एकंदर सूर होता. आमच्या मतें हा अन्याय झाला. १९९१ सालीं कोएन व मायरोविट्झ यांनीं, फुलाचे अवयव ठरविणाऱ्या जनुकांचा उलगडा मांडला. तीं सर्व निकामी झालीं असतां पाकळ्यांच्या व केसरांच्या जागीं पानांसारखेच अवयव येतात. मात्र रंगांविषयीं न्यूटनशीं त्यानें १८१० सालीं मांडलेला वाद पदार्थविज्ञान्यांनीं मानला नाहीं, आणि तो मानण्याजोगा नव्हताहि. कविकीर्तीस्तव तेवढें झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

बाग बंद होण्याची वेळ झाली तरी आम्ही काचेस नाक लावून उभे होतों. घरीं परतल्यावर पाहिलें, तों परसांतील नारळाच्या रोपाचें नवें पान चिरूं लागलें होतें. मुलांस हांक मारून तें दाखविलें.