भाचीचे पहिले सत्र

आमची भाची 2024 च्या सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला गेली. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतात. बहीण दोन घरचा स्वयंपाक करते. मुलगी इथे विश्रामबागेतच शिकली, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत तिचे नाव आले. साऱ्या महाराष्ट्रातून वर्षाला 75 मुले घेतात, त्यांत आमची एक. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, साक्षांकित प्रती, या सगळ्यामागे आम्ही अर्ध्या अर्ध्या रजा टाकून धावलो. कारकुनाला निदान कागद कळतात, तेवढाच आमचा उपयोग.

जायच्या आधल्या रविवारी विहारात निरोपाचा कार्यक्रम झाला. आम्ही अर्धा तास बोललो. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेत, हे सांगितले. शेवटी म्हणालो, "पोरी, तू एकटी चाललेली नाहीस. सारा समाज तुझ्याबरोबर चालला आहे." टाळ्या पडल्या. ती मान खाली घालून बसली होती. आम्हाला तो तिचा विनय वाटला.

7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारच्या सरकारी शाळेत लहानग्या भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस 2017 पासून राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी आम्ही वस्तीतल्या मुलांना बसवून भाचीला मोबाईलवर बोलते केले. "सगळं छान आहे, मामा," एवढेच ती म्हणाली आणि वर्गाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. तेव्हा तिकडे वर्गाची वेळ नव्हती, हे पुढे कळले.

सत्र संपले, निकाल लागला. फेब्रुवारीत एका रात्री अकराला फोन आला. "मामा, आईला सांगू नका. एका विषयात 43 आलेत. पास व्हायला 50 लागतात."

खरे सांगायचे तर आमच्या मनात पहिला विचार आला तो सत्काराचा. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी शाल आणून ठेवली होती. बहिणीला काय सांगावे, हा विचार दुसरा आला. मुलगी काय खात असेल, झोपत असेल की नाही, हा तिसरा. हा क्रम आम्हाला आजही सलतो.

मग ती बोलली, तासभर बोलली. बाकीच्या दोन विषयांत 58 आणि 55 होते. तिकडे 70 म्हणजे डोक्यावरून पाणी, तेवढे मिळाले की पहिल्या रांगेत बसवतात. आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्याला 58 म्हणजे जेमतेम वाटणार, म्हणून तिने तेही सांगितले नव्हते. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, खोलीत दिवा लावून बसले की रात्र संपतच नाही. वर्गात पहिले दोन महिने तिने तोंड उघडले नाही. इंग्रजी येत होते, पण बोलायला लागेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. आडनावावरून कुणी काही ओळखत नाही, याचा पहिल्या आठवड्यात तिला इतका आनंद झाला की ती उगीचच सगळ्यांना पूर्ण नाव सांगत सुटली. आणि मग सामायिक स्वयंपाकघरात एका भारतीय मुलाने विचारले, "गाव कोणतं? तुमच्यात कोण?" सात समुद्र ओलांडून तोच प्रश्न पातेल्याशेजारी उभा.

43 गुणांचा पेपर म्हणजे निबंध होता. तिने वीस पुस्तके वाचून, कोण काय म्हणाले ते नीट लिहून दिले होते. इथे तसे लिहिले की पहिला वर्ग मिळतो. मास्तरांनी समासात लिहिले होते, यात तुझे म्हणणे कुठे आहे?

"मामा, माझं म्हणणं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि तुम्ही तर म्हणाला होता, समाज तुझ्याबरोबर आहे. मला रात्री वाटायचं, एवढी सगळी माणसं या खोलीत मावतील कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिला उद्या फोन करतो म्हणालो आणि कपाटातून बाबासाहेबांचे चरित्र काढले. अनेकदा वाचलेले, पण भाषणासाठी वाचणे वेगळे आणि मुलीसाठी वाचणे वेगळे.

1913 च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा वय 22. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे नोकरीचा करार. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे 11, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, वर फ्रेंच आणि जर्मन. हे आकडे आम्ही भाषणात नेहमी सांगतो. पण 1916 च्या मे महिन्यात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा सेनार, नेस्फील्ड, रिस्ली आणि आपल्याकडचे डॉ. केतकर अशा नावाजलेल्या विद्वानांची मते एकेक करून तपासली आणि आपले म्हणणे मांडले, ते वयाच्या 25 व्या वर्षी, याकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

आणखी एक पान होते, ते आम्ही व्यासपीठावरून कधी सांगितले नाही. लंडनचे शिक्षण त्यांना 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धे टाकून परतावे लागले. पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट महायुद्धात बुडवली गेली. 1920 साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पैसे यांच्या बळावर ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 च्या अखेरीस सादर केला. आणि 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही, पुन्हा लिहून आणायला सांगितले! हाताशी पैसे उरले नव्हते. ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध सुधारला, पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. डी.एससी. म्हणून आपण ज्या अक्षरांना नमस्कार करतो, त्या अक्षरांच्या आधी हे सहा-आठ महिने आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एवढेच वाचून दाखवले, वर काही बोललो नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत?"

का नाही सांगितले? आमच्या पिढीला वाटते, मुलांसमोर विजयच ठेवावा, नाहीतर ती खचतील. ती खचली ती त्या विजयाखालीच.

बहिणीला आम्हीच सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, "दादा, पोरगी जेवती का ते विचारलंस का?" शाल आम्ही बारावी पास झालेल्या एका मुलाला दिली.

निबंध पुन्हा लिहायची संधी होती. विषय होता शेतमालाच्या बाजारपेठा. मार्चभर तिचे फोन यायचे, पण आम्हाला नव्हे, दाजींना. सौदा कसा निघतो? हमाली कोण देतो, शेतकरी की व्यापारी? तोलाईचे किती कापतात? अडत कुणाकडून? राजापुरी हळदीचे पोते किती किलोचे, आणि दिवसाला किती उचलता? दाजी मितभाषी माणूस. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण आमच्याशी सलग पाच मिनिटे बोललेले आठवत नाहीत. ते आता अंगणात खुर्ची टाकून तास तासभर बोलू लागले. एकदा तर म्हणाले, "थांब, उद्या मुकादमाला विचारून सांगतो, माझ्या अंदाजावर लिहू नको."

जूनमध्ये कळले, निबंध पास झाला. मास्तरांनी समासात चांगले शब्द लिहिले होते, ते तिने वाचून दाखवले. गुण 50. तिच्या विद्यापीठात दुसऱ्यांदा लिहिलेल्या पेपरला, तो कितीही चांगला असला तरी, पन्नासच देतात.

दाजींनी फोन हातात घेतला. "अगं, पन्नासच द्यायचे होते तर एवढं खोदून कशाला विचारत होतीस?"

"मला माहिती पाहिजे होतं, पप्पा," ती म्हणाली. "आणि ते गाळ्यावरच्या काट्याचं अजून राहिलंय सांगायचं."

दाजींनी खुर्ची दिव्याखाली ओढून घेतली.