विलंबाचे मोजमाप

विलंब मोजणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्ष वेळेतून नियोजित वेळ वजा केली की झाले! परंतु विमानाच्या बाबतीत प्रत्यक्ष वेळा चार असतात: थांब्यावरून हलण्याची, चाके धावपट्टी सोडण्याची, ती पुन्हा टेकण्याची आणि मुक्कामी उभे राहण्याची. मधल्या दोहोंतील काळ आकाशातला, बाकीचा जमिनीवरचा.

विमान कंपन्यांच्या हिशेबात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीरच नव्हे. पंधरा मिनिटे म्हणजे जुन्या मापाने साडेसदतीस पळे. घटिकाही पुरी भरत नाही, म्हणून ही सवलत क्षम्य मानू. दुसरी युक्ती मात्र सूक्ष्म आहे. दिल्लीहून मुंबईस येताना आकाशात सुमारे पावणेदोन तास जातात, वेळापत्रकात सव्वादोन किंवा अधिकही मांडतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल असते, तसाच होऊ घातलेला विलंबही आधीच जिरवलेला असतो.

ज्येष्ठ बंधू निवर्तले तेव्हा पुतण्या दिल्लीहून निघाला. विमान थांब्यावरून वेळेवर हलले, म्हणून प्रस्थान वेळेवर नोंदले गेले. पुढे ते चाळीस मिनिटे धावपट्टीजवळ उभे होते. त्याने ते तेथूनच कळविले, आम्ही भटजींना थांबविले, मंडळींना चहा दिला. पुढे मुंबईवर पंचवीस मिनिटे घिरट्या झाल्या. त्यांची वार्ता कोणासच नव्हती. त्या पंचवीस मिनिटांत पावण्याच्या आमच्या घरात प्रत्येकाची नजर दाराकडे आणि घड्याळाकडे फिरत होती.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून गर्दीच्या वेळी विमाने आकाशात ताटकळतात व इंधन व्यर्थ जळते. यास्तव ती निघण्याच्या गावीच रोखून धरण्याची व्यवस्था आता केली जाते. आमच्या दक्षिणेस, नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतूक सुरू झाली आहे. तिच्यामुळे हा भार हलका व्हावा, अशी अपेक्षा आहे.

इंधनाच्या दृष्टीने जमिनीवरचा विलंब स्वस्त, हे खरेच. गृहस्थाच्या दृष्टीने त्याचा गुण निराळा: तो घरी कळविता येतो. म्हणून ‘वेळेवर’ किंवा ‘उशिरा’ एवढ्याच शब्दावर न थांबता, कोठे किती वेळ गेला, हे चारही वेळांसह प्रवाशास व त्याच्या घरच्यांस सांगितले जावे. विलंब टळत नसेल तर निदान तो अज्ञात राहू नये.